मधली कडी डावीकडे

ताईच्या मते जगात दोन प्रकारची माणसं होती. एक, ज्यांना वाकडं ते वाकडं दिसतं. आणि दुसरी, बाकीची. बाकीची फार होती. ती तिच्या दुकानात मासे पकडायच्या काठ्या दुरुस्तीला आणायची, आणि न्यायला आली की काठी छताकडे रोखून एक डोळा मिटायची, जणू बंदूकच तपासतायत. काय बघायचं ते ठाऊक नसलं की माणसाला कुठला डोळा मिटावा तेही सुचत नाही, असं ती म्हणायची. एकदा एका गृहस्थाने दोन्ही मिटले होते आणि "उत्तम" म्हणून काठी घेऊन गेला होता.

दुकान गल्लीच्या टोकाला, एका खोलीचं. पुढे काउंटर, मागे खिडकीखाली लांबलचक बाक, बाकावर काठी आडवी ठेवायच्या खाचा आणि दोऱ्यांची रिळं. हे सगळं वडिलांचं. वडील गेले, ताईने लग्न केलं नाही, दुकान चालवलं. गिऱ्हाईकं तोंडावर तिला ताई म्हणत आणि पाठीमागे काटकोन. तिला ते माहीत होतं. तिला ते आवडायचंही, पण तसं कळू देण्याइतकी ती कुणाला जवळ करत नसे.

तिचं मुख्य काम कड्यांचं. काठीवर हातापासून टोकापर्यंत कड्या असतात, मोठीपासून लहान होत गेलेल्या, आणि त्यांच्यातून दोरी धावते. त्या सगळ्या एका रेषेत हव्यात. एक जरी बाजूला गेली तरी दोरी घासते, फेक तोकडी पडते, आणि मोठा मासा लागला की काठी हातातल्या हातात पिळवटते. म्हणून कडीचे पाय आधी चिकटपट्टीने काठीवर धरायचे, मुठीकडून एका डोळ्याने बघायचं, नखाने कणभर ढकलायचं, पुन्हा बघायचं. मग दोऱ्याने बांधायचं. बांधताना दोरा कडीला ओढतो, म्हणून बांधल्यावर पुन्हा बघायचं. सगळ्यात शेवटी रोगण. रोगण सुकलं की चूक पक्की होते. तेव्हा रोगणाआधी ताई कुणाशी बोलत नसे, आणि रोगणानंतर बोलायची ते गिऱ्हाइकाला आवडत नसे.

पण सगळ्या गिऱ्हाइकांचा मिळून तिला जितका तिटकारा होता, त्याहून जास्त तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा होता.

तो शाळेची बस चालवायचा. डोक्यावर निळी टोपी घालायचा, जी त्याला कुणी दिलेली नव्हती. त्याने स्वतःच विकत घेतली होती. त्या टोपीमुळे मुलं त्याला कप्तान म्हणायला लागली, आणि मग त्याने सगळ्या जगाकडून तेच म्हणवून घेतलं. तोंड उघडलं की स्वतःची आरती. पाऊस केव्हा येणार, कुठल्या दुकानात फसवतात, कुठल्या आजाराला काय खावं, सगळं त्याला येत होतं. ताईने धाकटीला लग्नाआधीच सांगितलं होतं, की हा माणूस म्हणजे नुसता रिकामा डबा आहे, वाजतो म्हणून भरलेला वाटतो. धाकटी म्हणाली होती, "तुझ्या घरात कुणी वाजत नाही ना, म्हणून तुला तसं वाटतं." ताईला ते लागलं होतं. तिने ते विसरल्याचं दाखवलं होतं.

गेल्या वर्षी कप्तानाला मासेमारीचा नाद लागला. तोवर ठीक होतं. मग त्याने मोबाइलवर कुणाकुणाचे व्हिडिओ पाहिले आणि काठ्या स्वतः बांधायला घेतल्या. ताईला न विचारता. वर तिलाच शिकवायला लागला.

एका सकाळी दातांचा डॉक्टर आपली काठी न्यायला आला होता. चांगली काठी होती. पडून तिच्या तीन कड्या चेपल्या होत्या, ताईने सगळ्याच काढून नव्याने बसवल्या होत्या. डॉक्टर ती हातात घेऊन कौतुकाने हलवत होता, तेवढ्यात समोर बस थांबली आणि टोपी दारात आली. मुलं शाळेत सोडून झाली होती.

"द्या इकडे," कप्तान म्हणाला आणि डॉक्टरच्या हातातून काठी घेतलीच. मूठ गालाला टेकवली, उजवा डोळा मिटला, डाव्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नुसतं "हं" केलं.

त्या 'हं'सरशी ताई काउंटरमागून पुढे आली.

"हं म्हणजे?"

"मधली कडी डावीकडे सरकलीय. तिच्या पुढचीही, जराशी." त्याने काठी खाली केली. "राग मानू नका ताई. हाताखालून इतक्या काठ्या जातात. एखादीत राहून जातं."

"नाचता येईना अंगण वाकडं," ताई म्हणाली. "मेहुणे, ती काठी दोरीसारखी सरळ आहे."

"दोरी सरळ कुठे असते?" कप्तान म्हणाला आणि स्वतःच हसला. "डॉक्टर, तुम्हीच बघा ना."

डॉक्टरने काठी घेतली. आधी डावा डोळा मिटला, मग उजवा, मग मान वाकडी केली. ताई त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाला आपण वर्षानुवर्षं तोंड उघडून दात दाखवत आलो, याची तिला लाज वाटली.

"म्हणजे... अगदी किंचित," डॉक्टर म्हणाला. "कप्तान म्हणतायत तर वाटतेय खरी डावीकडे."

"दात काढतानाही असंच विचारून ठरवता का, कुठला काढायचा ते?"

डॉक्टर ओशाळला, पण काठी काउंटरवर ठेवलीच. "सवडीने बघा. घाई नाही."

दोघं बरोबरच बाहेर पडले. कप्तान त्याला बसच्या दारापाशी उभा करून काहीतरी समजावत होता, हवेत बोटाने रेघा ओढत. ताईने डॉक्टरची काठी उचलली, खिडकीपाशी नेली, बघितली. सरळ. पुन्हा बघितली, कारण आपल्याला पुन्हा बघावंसं वाटलं याचाच तिला राग आला होता. सरळच होती. तिने ती कोपऱ्यात उभी केली आणि हातही लावायचा नाही असं ठरवलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी धाकटी आली. ती पावाच्या दुकानात काउंटर सांभाळायची, तिथून सुटून आली होती. बरोबर जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं.

"त्यांना सांगू नकोस," तिने चादर सोडता सोडता सांगितलं. "त्यांची आहे. स्वतः बांधलेली. पण दोरी अडकते म्हणतात, फेक जातच नाही. येत्या रविवारी धक्क्यावर सगळे जमणारेत, तिथे दाखवायचीय. तू गुपचूप नीट करून दे. त्यांना वाटेल आपोआप सुधारली."

"आपोआप," ताई म्हणाली. "त्या माणसाला तसं वाटेलही."

तिने मूठ गालाला लावली, आणि हसू आवरलं नाही. कड्यांची रांग मधोमध उजवीकडे फुगली होती, जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखी. ताई खूप दिवसांनी मोकळेपणाने हसली. धाकटी हसली नाही.

"अख्खा रविवार बसले होते ते याच्यावर," ती म्हणाली. "बांधायचं, बघायचं, सोडायचं, परत बांधायचं. मनासारखं होईपर्यंत जेवायला उठले नाहीत."

"त्याच्या मनासारखं व्हायला काय लागतं? स्वतःचं नाव घेतलं की झालं."

"ताई."

"बरं, राहिलं. अजून काय म्हणतायत कप्तान?"

धाकटी खुर्चीवर टेकली. राग आला तरी तिला बोलल्यावाचून राहवत नसे, आणि बोलायला ताईशिवाय तिला होतं तरी कोण. म्हणाली, घरी हल्ली सगळ्यावर टीका चालते. पेपरवाले छपाई वाकडी करतात. नवा दरवाजा सुताराने तिरपा बसवला. शाळेचं फाटक अरुंद आहे, परवा बसची डावी बाजू खांबाला घासली, तर खांबच चुकीच्या जागी आहे म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांना ऐकवलं.

"खांबाला ऐकवायला हवं होतं," ताई म्हणाली. "बिचारा डोळे मिटून उभा असेल."

धाकटी गेल्यावर ताईने ती काठी दुरुस्त केली नाही. काउंटरच्या मागच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर ठेवली, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. आठवडाभर दुकानात आलेल्या माणसाला ती म्हणायची, "जरा ती बघा, कलाकृती आहे." माणसं बघायची आणि हसायची. कुणाची ते तिने सांगितलं नाही, पण कुणी विचारलं की "आहे एक उंटावरचा शहाणा" म्हणायची. तिला बरं वाटत होतं. धाकटीचा रविवार आला आणि गेला. काठी झाली नाही म्हणून ती फोनवर काही बोलली नाही, नुसतं "असू दे, शेजाऱ्यांनी बघायला नेलीय असं सांगितलंय त्यांना" म्हणाली.

मग डॉक्टर आला, भिंतीवरची काठी बघून तोही हसला. कोपऱ्यातली त्याची काठी ताईने तशीच त्याच्या हातात दिली. त्याने बघितलं, एकदा या डोळ्याने, एकदा त्या.

"आता कशी सरळ झाली," तो म्हणाला. "कप्तानांची नजर मानली पाहिजे हं."

ताईने ती काठी चिकटपट्टीच्या टोकानेही शिवलेली नव्हती. ती नुसती मान हलवत राहिली. डॉक्टर खूश होऊन गेला. एवढ्या माणसांचे दात याच्या हातात आहेत आणि त्यांना त्याची कल्पना नाही, या विचाराने तिला काही वेळ समाधान वाटलं. पण 'कप्तानांची नजर' हे शब्द काही डोक्यातून जाईनात. शेवटी तिने भिंतीवरची काठी काढली. धाकटीसाठी म्हणून एकदाची सरळ करून टाकू, आणि तो विषय संपवू.

पातं घेऊन ती दोरा कापायला वाकली आणि थांबली.

बांधणी चांगली होती. चांगली म्हणजे, नाइलाजाने चांगली म्हणावी अशी. दोऱ्याचे वेढे एकाला एक लागून, कुठे फट नाही, कुठे एकावर एक चढलेला नाही, शेवटचं टोक आत ओढून घेतलेलं, दिसतही नव्हतं. ताईला ते शिकायला वडिलांच्या कितीतरी शिव्या खाव्या लागल्या होत्या. तिने चिडून दुसरी कडी बघितली. तीही तशीच. इतकं नेटकं बांधणारा माणूस कड्या मात्र अशा कशा ठेवतो?

ती पुन्हा खिडकीपाशी गेली आणि या वेळी न हसता बघितलं. नवशिक्याच्या कड्या विस्कटलेल्या असतात. एक डावीकडे, दुसरी उजवीकडे, तिसरी चुकून सरळ. या तशा नव्हत्या. पहिली जागेवर, दुसरी किंचित उजवीकडे, तिसरी जास्त, मधली सगळ्यात जास्त, आणि मग पुन्हा हळूहळू परत येत टोकाची कडी अगदी जागेवर. ही चूक नव्हती. कुणीतरी बघून बघून, नखाने कणाकणाने ढकलून हे असं आणलं होतं.

डॉक्टरच्या सरळ काठीत कप्तानाला मधली कडी डावीकडे दिसली होती. त्याने ती स्वतःच्या मनासारखी केली असती तर उजवीकडे ढकलली असती. आणि तसं केलं तर काय झालं असतं? ही काठी झाली असती. हीच.

ताई बाकावर बसली. पहिली गोष्ट तिच्या मनात आली ती अशी, की मेला खोटं बोलत नव्हता. त्याला दिसत होतं तेच सांगत होता. आणि तिला याचा राग आला, कारण त्याला फेकू समजण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. त्यानंतर वाकडा पेपर आठवला, तिरपा दरवाजा आठवला. आणि मग फाटकाचा खांब आठवला, बसची डावी बाजू आठवली, आणि आपण त्यावर केलेला विनोद आठवला. तेव्हा मात्र तिच्या हातातलं पातं तिने खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस गल्लीत थांबली तशी ती स्वतः दारात गेली. असं कधी झालं नव्हतं.

"मेहुणे, जरा आत या. एक काठी बघायचीय."

कप्तानाचा चेहरा उजळला. "म्हटलं ना, चार डोळे असलेले बरे." आत येताच त्याला भिंतीवरचे दोन रिकामे खिळे दिसले असते तरी काही कळलं नसतं. ताईने नुकतीच रोगण केलेली, वाळलेली एक काठी त्याच्या हातात दिली. त्याने मूठ गालाला लावली, उजवा डोळा मिटला.

"मधली. डावीकडे. तुमची नेहमीची खोड आहे ही, ताई."

"आता उलटी धरा. टोकाकडून बघा."

त्याने काठी फिरवली, बघितलं. "आहेच की. डावीकडे."

"नक्की?"

"अहो, समोर दिसतंय."

ताई काउंटरला टेकून उभी राहिली. "तुमच्या घराच्या दाराची कडी आतून डावीकडे असली, तर बाहेरून कुठे असते?"

"उजवीकडे. हे काय कोडं आहे?"

"मग काठी उलटी केली तरी ती कडी डावीकडेच कशी राहते?"

त्याने काठी पुन्हा फिरवली. पुन्हा बघितलं. पुन्हा फिरवली. ताईने ते करू दिलं. मग म्हणाली, "आता डावा मिटा. उजव्याने बघा."

त्याने बघितलं. टोपी मागे सारून पुन्हा बघितलं.

"सरळ आहे," तो म्हणाला.

काठी बाकावर ठेवून तो खिडकीच्या गजांकडे बघायला लागला. एक डोळा मिटायचा, मग दुसरा. मग दाराची चौकट. मग स्वतःच्या हाताचा पंजा, डोळ्यासमोर धरून. शेवटी स्टुलावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीखाली त्याचं टक्कल पडत चाललं होतं, हे ताईने प्रथमच पाहिलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मला वाटलं चष्मा लागला असेल."

"कधीपासून, विचारलं मी."

"दिवाळीपा... बरेच महिने," तो पुटपुटला. "पण खांब लागला ना, तेव्हा जरा... तेव्हा वाटलं, की काहीतरी आहे."

ताईच्या मनात नुकतीच जी थोडी जागा झाली होती ती तिथल्या तिथे बंद झाली. म्हणजे माहीत होतं. खांबाला शिव्या देताना, मुख्याध्यापकांना ऐकवताना, इथे उभा राहून तिच्या कामाला नावं ठेवताना याला आत कुठेतरी ठाऊक होतं.

"आणि तरी दुसऱ्या दिवशी बस काढलीत."

"दुसरा डोळा उत्तम आहे, ताई. देवाने दोन उगाच दिले नाहीत. एकाचं बिनसलं तर दुसरा..."

"हे त्या पोरांच्या आयांना सांगाल का? रांगेत उभं करून?"

तो टोपीची कड बोटाने कुरवाळत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "बस काढून घेतील. दुसरं काय येतं मला? नुसतं घरी बसायचं?" आणि थोड्या वेळाने, "आज दुपारची फेरी तेवढी करतो. उद्या सांगतो. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"किल्ली द्या."

"ताई, तुम्ही असं..."

"किल्ली काउंटरवर ठेवा, आणि तुमच्या ऑफिसला फोन करा, की दुसरा चालक पाठवा. तुम्ही नाही केलात तर मी करते, आणि मी केला तर खांबापासून सांगते."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ताईने ते बघितलं आणि तिला कीव आली नाही. आली असती तर तिला बरं वाटलं असतं. तिला फक्त इतकंच वाटलं, की रडायचंच होतं तर खांबापाशी रडायचं.

शेवटी त्याने किल्ली ठेवली. मोबाइल काढला. आणि मग जे झालं ते ताई आयुष्यात विसरली नाही. नंबर लागता लागता त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली, पाठ ताठ केली, घसा खाकरला.

"कप्तान बोलतोय," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "दुपारच्या फेरीला दुसरा चालक पाठवा. हो. नाही, बसला काही नाही. माझ्या स्वतःच्या लक्षात एक बारीकशी गोष्ट आलीय, डाव्या डोळ्याची. तसं फार काही नाही, दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण मुलांच्या बाबतीत आपण जोखीम घेत नाही, तुम्हाला माहीतच आहे. हो, मीच ओळखलं. नजर तीक्ष्ण असली की अशा गोष्टी लवकर कळतात."

ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. सुंभ जळेल, पण पीळ जाईल तर शपथ.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला ताईच घेऊन गेली, कारण धाकटीला रजा मिळाली नाही. तिथे बाकावर बसलेल्या सगळ्यांना त्याने कुठल्या आजाराला काय खावं ते सांगितलं. एका म्हातारीला तर तिचा चष्मा चुकीचा आहे असं सांगून घाबरवलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला चौकटी चौकटींचा एक कागद दाखवला आणि रेघा कशा दिसतात ते विचारलं. मग थेंब घालून डोळा तपासला. डोळ्यातल्या पडद्यामागे सूज होती. तिच्यामुळे मधली रेघ फुगून दिसत होती. डोळ्यात सुई घ्यावी लागेल, म्हणाल्या, एकदा नव्हे, दर महिन्याला, बरेच महिने. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण आहे ते वाचेल. आणखी उशीर केला असता तर तेही गेलं असतं.

डोळ्यात सुई म्हटल्यावर कप्तान पांढराफटक पडला. पहिल्या वेळी आत नेताना त्याने ताईचा हात धरला आणि सोडला नाही. इतका घट्ट, की संध्याकाळी दोरा ओढताना तिची बोटं दुखली. भित्राही आहे, ताईच्या मनात आलं. नर्स म्हणाली, बाई, तुम्ही बाहेर थांबा. ताई म्हणाली, "हात सुटला तर थांबते ना."

बस गेली. बसच्या कंपनीने त्याला गाड्या जिथून सुटतात तिथल्या खिडकीत बसवलं. कुठली बस कधी निघणार ते माइकवर सांगायचं. माइक मिळाल्यावर त्याला दुसरं काही नको होतं. टोपी तशीच राहिली.

आणि गोष्ट सुरू झाली. धक्क्यावर, पावाच्या दुकानात, दातांच्या दवाखान्यात, सगळीकडे. गोष्टीत कप्तान एका रविवारी स्वतः बांधलेली काठी बघत असतो, आणि त्याच्या अनुभवी नजरेला जाणवतं की काहीतरी जुळत नाही. तो काठी उलटी करून बघतो. इथे तो थांबायचा, ऐकणाऱ्याला विचारायचा, "दाराची कडी आतून डावीकडे असली तर बाहेरून कुठे?" माणसं थक्क व्हायची. मग तो लगेच, त्याच क्षणी, मुलांसाठी बस सोडतो. गोष्टीत ताईही होती. ती म्हणते, "काही नाही हो मेहुणे, काठीच वाकडी आहे, तुमचा डोळा उत्तम आहे." असं म्हणून ती हसते.

हे सगळं ताईला दातांच्या डॉक्टरने सांगितलं, अगदी हळुवारपणे, तिला वाईट वाटू नये म्हणून. "होतं असं," तो म्हणाला. "आपल्या लक्षात येत नाही पटकन."

त्या संध्याकाळी ताई दुकान बंद करून थेट पावाच्या दुकानात गेली. धाकटी फळ्या पुसत होती.

"तुझा नवरा गावभर काय सांगत सुटलाय, ठाऊक आहे तुला?"

"आहे," धाकटी म्हणाली.

"आणि खरं काय झालं ते?"

"तेही आहे. ज्या दिवशी किल्ली तुझ्याकडे ठेवली ना, त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं मला. खांबाचं, सगळं. पोरासारखे रडत होते. म्हणाले, ताई नसत्या तर एखादं मूल..." तिने फडकं पिळलं. "तू काठी भिंतीवर लावली होतीस, तेही त्यांना कळलंय. डॉक्टरांनी सांगितलं, कशी वाकडी होती ते, आणि यांनी ओळखली."

ताईने काउंटरवरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. थोड्या वेळाने म्हणाली, "मग बाहेर असं कशाला सांगतो?"

"बस गेली त्यांची, ताई. गोष्ट तरी राहू दे."

"राहू दे. माझं काय जातंय? पण तिच्यात मला मूर्ख ठेवू नकोस म्हणावं."

धाकटीने तिच्याकडे बघितलं, आणि पुष्कळ दिवसांनी तिला हसू फुटलं. "सांगते," ती म्हणाली, आणि कागदात दोन पाव गुंडाळून ताईच्या हातात दिले.

निरोप पोचला असावा. पुढच्या आठवड्यात काठी बरोबर घेऊन रीळ न्यायला आलेल्या एका अनोळखी माणसाने काउंटरवर हात टेकून ताईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हीच का त्या?" तो म्हणाला. "कप्तान सांगत होते. म्हणाले, आमच्या ताईंनाही थोडा संशय आला होता. पण बिचाऱ्यांना नक्की सांगता येईना."

"बिचाऱ्यांना," ताई म्हणाली.

"हो. म्हणाले, बाई हुशार आहेत. शिकवलं की शिकतील."

ताईने त्याचं रीळ काउंटरवर ठेवलं. त्याची काठी उचलून मूठ गालाला लावली, आणि पुष्कळ वेळ, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ, बघत राहिली.

"तुमची टोकाची कडी तिरकी आहे," ती शेवटी म्हणाली. "ठेवून जा. आणि कप्तानांना विचारायला जाऊ नका."